गॅलरीत पक्षी यावेत म्हणून काय करावं?

तुळशीचं लग्न लागलं की मुंबईत पहाटे जराशी थंडी जाणवते आणि पक्षी बघायचे दिवस सुरू होतात. गॅलरीत ते यावेत असं वाटत असेल, तर मूठभर ज्वारी टाकायचा मोह आधी आवरा. आपल्याकडे दाण्यांवर उतरतात ती कबुतरंच, आणि त्यांनी जागा बळकावली की बुलबुल, शिंजीर (फुलातला मध पिणारा चिमुकला सनबर्ड) तिथे टिकत नाहीत. शिवाय वाळलेल्या विष्ठेची धूळ फुप्फुसांना घातक. दादरचा कबुतरखाना २०२५ मध्ये बंद झाला, तो आरोग्याच्या याच कारणावरून.

दाण्यांऐवजी पाणी ठेवा. कुंडीखालची मातीची पसरट थाळी घ्या, दोन बोटं पाणी भरा आणि मधोमध एक खडबडीत दगड ठेवा, म्हणजे लहान पक्ष्याचा पाय घसरत नाही. रोज सकाळी जुनं पाणी ओतून थाळी काथ्याने घासा. साठलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात, त्यामुळे यात एक दिवसही खाडा नको. सुरुवातीला कोणी फिरकणार नाही, धीर धरा. माझ्याकडे सर्वांत आधी कावळा आला. चोचीतला कडक पोळीचा तुकडा त्याने पाण्यात बुडवला, मऊ झाल्यावर उचलला आणि गेला. लालबुड्या बुलबुलांची जोडी त्यानंतर आली.

पपईची फाक ग्रिलला सुतळीने बांधलीत तर बुलबुल आणि कोकीळ येतील. दुपारी ती काढून टाका, नाहीतर मुंग्या आणि उंदीर आलेच.

शिंजीर हवा असेल तर जास्वंद लावा. या दिवसांत जांभळ्या शिंजीराचा नर ओळखायला फसवतो. त्याचा झळाळता रंग उतरलेला असतो, पोट पिवळट दिसतं, पण हनुवटीपासून खाली एक काळी रेघ जाते. मादीला ती नसते. फुलाच्या देठाशी बाहेरून चोच खुपसून मध पिताना तो हातभर अंतरावरून दिसला, की ही रेघ आधी शोधा.

बघायला खोलीत, दारापासून दोन हात मागे बसा आणि दिवा बंद ठेवा. वेळ सकाळी ७ ते ९. इथे दुर्बीण लागत नाही, वही मात्र ठेवा. गच्चीवर शेपटी खालीवर हलवत तुरुतुरु चालणारा धोबी दिसला तर तारीख लिहा. तो हिवाळ्याचा पाहुणा.

एखाद्या रविवारी मरीन ड्राइव्हला किंवा गेटवेला जा. तिथे ८×४२ ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची दुर्बीण कामी येते. कुरव, म्हणजे सीगल, लाटांवर तरंगत असतात. लोक लाँचमधून त्यांना शेव-गाठ्या फेकतात. तुम्ही फेकू नका, ते तळलेलं, खारट खाणं त्यांचं नव्हे. त्यांच्या डोळ्यामागचा काळा ठिपका शोधा. हिवाळ्यात डोक्याचा गडद रंग जाऊन एवढीच खूण उरते. परतीच्या प्रवासाआधी, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, डोकं पुन्हा तपकिरी होऊ लागतं. त्याच जागी तेव्हा पुन्हा एक फेरी मारा.