ट्रेलर ओढायला डिझेल ट्रक घ्यावा का?

इंजिनाचं नंतर बघू. आधी ट्रेलर सगळ्या सामानासकट, पाण्याची टाकी भरून वजनकाट्यावर चढवा. पत्रकातलं रिकामं वजन धरून हिशेब करू नका.

मी स्वतः डिझेल चालवतो, तरी विचारायला येणाऱ्या बऱ्याच जणांना नको म्हणतो. डिझेलचं मोल घाटात कळतं. कमी आरपीएमलाच (इंजिनाचे फेरे कमी असतानाच) भरपूर टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, मिळतो, चढावर गिअर सारखे बदलावे लागत नाहीत. उतरताना एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडीचा वेग आवरणारा) असला तर चाकांचे ब्रेक कमी तापतात, आणि माझ्या मते हा चढावरच्या जोरापेक्षाही मोठा फायदा आहे.

पण रोजचं फिरणं दोन-चार किलोमीटरचंच असेल तर डीपीएफमध्ये, म्हणजे धूर गाळणाऱ्या फिल्टरमध्ये, काजळी साचत जाते. ती जळण्याइतका एक्झॉस्ट तापतच नाही. शिवाय डीईएफ (धूर स्वच्छ करायला लागणारं वेगळं द्रव) भरा, सर्व्हिसिंगला जास्त मोजा.

आणि हे नीट तपासा: डिझेल इंजिन जड असतं, म्हणून त्याच मॉडेलची पेलोड क्षमता (ट्रक स्वतःवर किती वजन पेलू शकतो ती) बहुधा पेट्रोलपेक्षा कमी भरते. मागच्या हिचला जोडलेल्या ट्रेलरचा साधारण १० ते १५ टक्के भार ट्रकवर येतो. त्यात माणसं, सामान मिळवा आणि दाराच्या चौकटीवरच्या पेलोडच्या स्टिकरशी ताडून पाहा. आकडा ओलांडत असेल तर टॉर्क कितीही असो, तो ट्रक घेऊ नका.

हलका ट्रेलर, सपाट रस्ता, वर्षातून एखादी फेरी? पेट्रोल घ्या.