बेल वाजली की भुंकणारा कुत्रा: फ्लॅटमध्ये त्याला शांत राहायला कसं शिकवावं

मुंबईतल्या इमारतीत सकाळी सहापासून दारावर कोणी ना कोणी येतच असतं. दूधवाला, पेपरवाला, कचरा न्यायला आलेली बाई, मग इस्त्रीवाला, आणि दुपारपासून कुरिअर. प्रत्येक बेलला कुत्रा दाराकडे धावून भुंकत असेल तर घरातल्यांचं डोकं उठतं, सोसायटीकडे तक्रार जाते आणि शेवटी त्या बिचाऱ्याला गॅलरीत बांधून ठेवतात. हे खरंच टाळता येतं. रोज थोडा वेळ दिला तर बहुतेक कुत्री काही आठवड्यांत बेलला बरीच शांत होतात.

तो का भुंकतो ते आधी समजून घ्या. कुरिअरवाला पाकीट देऊन निघून जातो. कुत्र्याच्या हिशेबी मात्र तो आपल्या भुंकण्यामुळे गेला. हे रोज घडतं आणि सवय रोज पक्की होत जाते. आपण "गप्प बस!" म्हणून ओरडलो की त्याला वाटतं, घरचेही आपल्या जोडीला आले. हात तर मुळीच उगारू नका. मार खाल्लेला कुत्रा बेलला आणखी घाबरतो, आणि गुरगुरण्यासाठी शिक्षा झालेली काही कुत्री पुढे इशारा न देता थेट चावतात.

म्हणून "भुंकू नको" असं सांगत बसण्यापेक्षा बेल वाजल्यावर काय करायचं तेच त्याला शिकवू या: आपल्या चटईवर जाऊन बसायचं.

पूर्वतयारी

शिकवणी चालू आहे तोवर खरी बेल जितकी कमी वाजेल तितकं चांगलं. सेफ्टी डोअरला दूध आणि पेपरसाठी पिशवी अडकवा, "बेल वाजवू नका, फोन करा" अशी चिठ्ठी लावा, वॉचमनलाही सांगून ठेवा. हे केलं नाही तर दिवसभरातली प्रत्येक बेल तुमची मेहनत पुसून टाकते.

खाऊ त्याला मनापासून आवडणारा हवा: मीठमसाल्याशिवाय उकडलेलं चिकन किंवा पनीर, वाटाण्याएवढे तुकडे करून. कांदा-लसूण घातलेलं काहीही नको, कुत्र्यांना ते विषारी आहे. जितका खाऊ दिला तितकं त्या दिवसाचं जेवण कमी करा.

पायरी १: चटई

दारापासून लांब, पण दार दिसेल अशा जागी एक चटई किंवा जुनी सतरंजी घाला. तिच्यावर तुकडा टाका. तो चटईवर गेला की आणखी एक द्या. तो आपणहून तिकडे जायला लागला की मगच "जागेवर" हा शब्द जोडा. घरातल्या सगळ्यांनी हाच शब्द वापरायचा. आजी "बस तिकडे" आणि मुलं "प्लेस" म्हणत राहिली तर त्याला काहीच कळत नाही. एका वेळी तीन ते पाच मिनिटं पुरेत, दिवसातून दोन-तीनदा. बसून राहण्याचा वेळ हळूहळू वाढवा.

पायरी २: बेलचा आवाज

सगळी किमया इथे आहे, म्हणून घाई करू नका. आपल्याच दाराची बेल फोनवर रेकॉर्ड करा. अगदी हळू आवाजात वाजवा, इतकी हळू की कुत्रा फक्त कान टवकारेल. बेल वाजली की लगेच चटईवर खाऊ टाका. क्रम महत्त्वाचा आहे: आधी बेल, मग खाऊ. खाऊचा डबा आधी उघडलात तर तो डब्याकडे लक्ष देतो, बेलकडे नाही. काही दिवसांनी बेल वाजताच तो स्वतः चटईकडे वळून तुमच्याकडे बघेल. तेव्हाच आवाज एक पायरी वाढवायचा. भुंकला तर त्याला रागावू नका. आवाज जास्त झाला असं समजून पुन्हा कमी करा.

पायरी ३: खरी बेल, खरा माणूस

आता घरातल्या कोणीतरी बाहेर जाऊन बेल दाबावी. तुम्ही "जागेवर" म्हणा, खाऊ द्या, सेफ्टी डोअर बंदच ठेवून आतलं दार थोडं उघडा आणि लावा. हे जमलं की शेजारच्या काकूंना विनंती करा. काकूंनी आत येऊन आधी कुत्र्याकडे बघू नये, लाड तर नकोच. तो शांत झाला की मग भेट. सवय पक्की झाल्यावर खाऊ कधी द्यायचा, कधी नुसती शाबासकी, पण एकदम बंद करू नका.

फिरवणं कमी पडलं तर

ज्याची ऊर्जा घरातच साठते तो जास्त भुंकतो. पावसाळ्यात फेरी बुडते तेव्हा त्याचं जेवण जुन्या टॉवेलच्या घड्यांमध्ये लपवा आणि हुंगून शोधू द्या. नाकाचं काम कुत्र्याला छान दमवतं. लिफ्टमध्ये पट्टा आखूड धरा, लांबणारा पट्टा नको. आत कोणी घाबरलेलं असेल तर पुढची लिफ्ट घ्या. लिफ्ट वापरायचा हक्क आहेच. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही आणि लिफ्टही नाकारता येत नाही. तरी शेजाऱ्यांशी गोडीने राहिलात तर कुत्र्याचंच भलं होतं. महापालिकेचा परवाना आणि रेबीजची लस वेळेवर असू द्या.

डॉक्टरांकडे कधी जायचं

शेपूट पायांत घालून, मागे सरकत भुंकत असेल तर ती भीती आहे. अशा कुत्र्यासाठी प्राण्यांचे डॉक्टर आणि मारझोड न करणारा प्रशिक्षक, दोघांची मदत घ्या. आजवर शांत असलेला, वयस्क कुत्रा अचानक भुंकू लागला तर आधी तपासणी. दुखणं असू शकतं, किंवा नजर-कान कमी झालेले असतात.

घरी गणपती असेल तर त्या दिवसांत परीक्षा घेऊ नका. आरतीला माणसं येत-जात राहतात, दार उघडंच असतं, बाहेर ढोल वाजतात. तो वेळ कुत्र्याला आतल्या खोलीत, पंखा आणि पाणी देऊन, चघळायला काहीतरी देऊन ठेवा. मधूनमधून घरातलं कोणीतरी त्याच्याजवळ बसा, आणि शिकवणी विसर्जनानंतर पुन्हा हळू आवाजापासून सुरू करा.