पहिल्यांदा रेसट्रॅकवर जाताय? बाईकचं नंतर बघू, आधी लेदर सूट घ्या

ओळखीतल्या एका पोराचा फोन आला, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, म्हणाला "दादा, सर्किट रेसिंग सुरू करायचंय, कुठली बाईक घेऊ?" मी म्हटलं बाईक राहू दे, आधी लेदर सूट घे. तो गप्पच झाला. कारण सूट म्हणजे रीलमध्ये दिसत नाही ना, बाईक दिसते. असे फोन बऱ्याच जणांचे येतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

मी मूळचा सांगलीचा, नोकरी पुण्यात. कॉलेजात असल्यापासून रविवारी पहाटे ताम्हिणी नाहीतर वरंधा, आणि ग्रुपमध्ये सगळ्यात पुढं मीच, त्यामुळं आपल्याला बाईक येते असा ठाम समज. मग एकदा पैसे साठवून चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टाईच्या ट्रॅकवर दोन दिवसांचं ट्रेनिंग घेतलं. 3.7 किलोमीटरचा ट्रॅक, 12 कॉर्नर, तिथली मंडळी सी वन, सी टू असंच म्हणतात. पहिल्याच सेशनला सांगितलं, ब्रेक वापरायचा नाही, एकाच गिअरमध्ये फिरा. मला वाटलं पोरखेळ आहे. दुसऱ्या लॅपलाच (फेरीलाच) कळलं की आपण इतकी वर्षं घाटात फक्त ब्रेक मारून निभावत होतो, लाईन नावाची गोष्ट, म्हणजे कॉर्नरमधून जायचा नेमका मार्ग, आपल्याकडं नव्हतीच. माझ्या पुढं 16 वर्षांची एक मुलगी छोट्या 150 सीसीवर होती, ती मला बाहेरून काढून गेली. बाहेरून!

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पडलो. अंगात थोडं वारं शिरलं होतं, एका उजव्या कॉर्नरला जास्त स्पीडनं आत गेलो, घाबरलो, आणि घाटातली सवय, बाईक झुकलेली असतानाच पुढचा ब्रेक दाबला. पुढचं चाक निसटलं, बाईक बसली उजव्या अंगावर आणि मी तिच्या मागं मागं घसरत मातीत. याला लोसाईड म्हणतात, पडण्यातला त्यातल्या त्यात बरा प्रकार. हायसाईड म्हणजे मागचं चाक सुटून परत पकड घेतं आणि बाईक तुम्हाला वर फेकते, ते नको रे बाबा. मार्शल, म्हणजे ट्रॅकवर मदतीला उभी असलेली माणसं, धावत आले, पिवळा झेंडा लागला, मी उठून चालत बाहेर आलो. ग्लोव्हजचे तळवे घासलेले, सूटचं उजवं गुडघं फाटलेलं, अंगावर फक्त एक निळा डाग. रात्री लॉजवर पडल्या पडल्या विचार आला की हेच ताम्हिणीत झालं असतं तर? समोरून एसटी नाहीतर बाजूला कठडा.

तेव्हापासून माझं मत असं झालंय की ट्रॅक म्हणजे वेगात जायची जागा नाही, पडायची सोय केलेली जागा. आणि ही सोय फुकट आलेली नाही. 1907 साली ब्रिटनजवळच्या आयल ऑफ मॅन बेटावर टीटी (टुरिस्ट ट्रॉफी) ही बाईक रेस सुरू झाली तेव्हा साधे रस्तेच होते, नंतरचा डोंगरावरचा कोर्स तर 60 किलोमीटरचा, बाजूला दगडी भिंती, घरं, खांब. 1949 ला वर्ल्ड चॅम्पियनशिप सुरू झाली त्यात ही रेस होती आणि पार 1976 पर्यंत राहिली. 1972 ला तिथं रेसमध्ये गिल्बेर्तो पार्लोत्ती हा रायडर मेला, त्यानंतर अगोस्तिनीसारख्या चॅम्पियननं तिथं चालवायला नकार दिला. पुढच्याच वर्षी इटलीतल्या मोन्झाला, म्हणजे बंद सर्किटवर, पासोलिनी आणि सारिनेन हे दोन रायडर एकाच अपघातात मेले, कारण ट्रॅकच्या अगदी कडेला लोखंडी बॅरिअर. कारवाल्याला ते बॅरिअर वाचवतं, बाईकवाल्याला मारतं, एवढा साधा फरक मान्य व्हायला माणसं मरावी लागली. मग हळूहळू भिंती मागं गेल्या, बाहेर घसरणाऱ्याचा वेग कमी करायला खडी आली, हवेच्या गाद्या आल्या. 2003 ला जपानमधल्या सुझुका ट्रॅकवर अपघात होऊन काटो हा रायडर मेला आणि मोटोजीपी (बाईक रेसिंगची सगळ्यात मोठी वर्ल्ड चॅम्पियनशिप) परत तिथं गेलीच नाही. 2018 पासून मोटोजीपी रायडरांच्या सूटमध्ये एअरबॅग सक्तीची आहे.

आपल्याकडं चेन्नईजवळ शोलावरमला दुसऱ्या महायुद्धातल्या धावपट्टीवर रेस व्हायच्या. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब 1953 चा, त्यांनीच पुढं इरुंगाट्टुकोट्टाईचा ट्रॅक बांधला, 1990 पासून तो चालू आहे, आता त्याला मद्रास इंटरनॅशनल सर्किट म्हणतात. कोइम्बतूरचा करी स्पीडवे 2003 चा, छोटा आणि वळणावळणाचा, शिकायला मस्त. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट 2011 ला फॉर्म्युला वनसाठी बांधला, पण 2023 ला तिथं मोटोजीपी आली (इटलीचा बेझेक्की जिंकला) तेव्हा बाईकसाठी लेआउट बदलून 4.96 किलोमीटरचा करावा लागला. पुढच्या वर्षीची रेस रद्दच झाली, ते दुखणं वेगळं.

महाराष्ट्रात काय? धुळीतलं रेसिंग आपलं जुनं आहे, पुण्यात मोटोक्रॉस बघायला आमच्या आधीची पिढी स्टेडियम भरायची, 2024 ला सुपरक्रॉस लीगची पहिली रेसही पुण्यातच झाली. पण मोठ्या डांबरी ट्रॅकवर नॅशनल रेस करायची तर साऊथला जावंच लागतं. गाडी रेल्वे पार्सलनं पाठवा (टाकी पूर्ण रिकामी करावी लागते, नाहीतर घेत नाहीत) किंवा चारपाच जण मिळून पिकअप करा. स्वतः चालवत जाऊ नका, 1200 किलोमीटर जाऊन हात दुखत असताना ट्रॅकवर उतरणं म्हणजे पैसे वाया.

खरं तर पहिल्या वेळी गाडी नेऊच नका, ट्रेनिंगवाल्यांची भाड्यानं घ्या. आणि नंतर घ्यायचीच तर छोटी. आर 15, आरटीआर 200, फार तर आपल्या चाकणला बनते ती केटीएम आरसी 390. मोठ्या बाईकवर चूक झाली तरी सरळ पट्टीवर ताकदीनं झाकली जाते, छोटीवर प्रत्येक चूक लॅप टाईममध्ये दिसते.

गाडी स्क्रुटिनीला (ट्रॅकवर उतरायच्या आधीच्या तपासणीला) जायच्या आधी आरसे काढा, हेडलाईटला टेप मारा, साईड स्टँड काढा. रेस असेल तर कूलंट काढून साधं पाणी भरावं लागतं, कारण कूलंट ट्रॅकवर सांडलं की साबणासारखं होतं, आणि ऑइलच्या बोल्टला सेफ्टी वायर, म्हणजे तो सुटू नये म्हणून तार. हे शेजारच्या मेकॅनिकला पहिल्यांदा सांगाल तेव्हा तो वेड्यात काढेल. चेन्नईच्या उन्हात लेदरमध्ये माणूस शिजतो, त्यामुळं पाणी आणि इलेक्ट्रॉल सोबत ठेवा, दुपारी सांबारभात जरा कमी खा, मी अनुभवानं सांगतोय.

झेंडे पाठ करा. पिवळा म्हणजे पुढं धोका, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे सेशन थांबलं, हळू पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या थांबतात तिथं, या. पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे ट्रॅक निसरडा. काळ्यावर नारिंगी गोळा आणि तुमचा नंबर दिसला तर तुमच्याच गाडीतून काहीतरी गळतंय, लगेच बाजूला व्हा, इगो नको.

रेसच करायची तर एफएमएससीआयचं (देशातल्या मोटरस्पोर्टच्या संघटनेचं) लायसन्स लागतं, त्यासाठी ट्रेनिंगचं सर्टिफिकेट आणि मेडिकल. नवीन माणसाला सगळ्यात परवडणारं म्हणजे वन-मेक कप, टीव्हीएसचा आहे, रॉयल एनफिल्डचा कॉन्टिनेंटल जीटी कप आहे, यात सगळ्यांना सारखीच बाईक, त्यामुळं बापाच्या पैशानं इंजिन ट्यून करून पुढं जायचा प्रश्न नाही. सिलेक्शनला जा, पहिल्यांदा नाही होणार, माझंही नव्हतं झालं. करिअर म्हणून विचार करणाऱ्यांना स्पष्ट सांगतो, यावर घर चालणारे आपल्या देशात बोटांवर मोजण्याइतके. ट्रेनर, मेकॅनिक, कंपन्यांत टेस्ट रायडर असे रस्ते मात्र आहेत आणि त्यांना ट्रॅकचा अनुभव विचारला जातो.

घरी खोटं सांगून जाऊ नका. सोय केलेली असली तरी माणसं जातात, 2023 ला मद्रासच्याच ट्रॅकवर रेसमध्ये 13 वर्षांचा एक मुलगा गेला. माझ्या आईला मी दोन वर्षं "ऑफिसचं ट्रेनिंग" सांगत होतो, मग गुडघं फाटलेला सूट तिनंच धुवायला काढला, लेदर धुवायला! तेव्हा सगळं सांगावं लागलं.

तो पोरगा परत आला परवा. बजेट नाही म्हणाला, मग माझाच जुना सूट दिला त्याला, उजव्या गुडघ्याला कॅम्पातल्या चांभाराकडून ठिगळ लावून घेतलंय. खांद्यात जरा सैल होतोय, बॅक प्रोटेक्टर घातला की बसेल बहुतेक.