वाघीण वाचवायची असेल तर रंगाचा डबा शेवटी उघडा

जुने इंजिन निवृत्त झाले की त्याला चौथरा मिळतो, हार मिळतो, शेजारी उभे राहून फोटो काढणारे मिळतात. वाघीण, म्हणजे मालगाडीचा डबा, निवृत्त झाली की तिचे वजन होते आणि गॅसकटर लागतो. मी नोकरीभर टीएक्सआर, म्हणजे गाडी तपासनीस, होतो. मालगाडी यार्डात लागली की हातोडी आणि टॉर्च घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येक वाघीण वाकून तपासायची, हे आमचे काम. कापूस, कोळसा, मीठ, खत, धान्य ज्यांतून गेले त्या डब्यांची एकेक जात आमच्या डोळ्यांदेखत संपली. चारचाकी बंद वाघीण आजच्या पोरांनी पाहिलेलीही नाही. एखादी शोधून जपावी असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

कुठे शोधायची

धावत्या गाडीत जुनी वाघीण आता भेटणार नाही. ती रुळाबाहेर, दुसऱ्याच कामाला लागलेली असते. चाके काढून जमिनीवर टेकवलेला बंद डबा म्हणजे रेल्वेचे तयार गोडाऊन. छोट्या स्टेशनांच्या मागे, पीडब्ल्यूआयच्या (रूळमार्गाच्या निरीक्षकाच्या) आवारात, जुन्या लोको शेडच्या कडेला असे डबे अवजारे, दोरखंड, सिग्नलचे सामान पोटात घेऊन उभे असतात. वरून बाभूळ किंवा घाणेरी चढलेली असते, त्यामुळे पटकन दिसत नाहीत. मार्च ते मे हा शोधाचा खरा हंगाम. झाडोरा वाळलेला असतो, साप-विंचू दिसतात आणि पावलाखाली काय आहे ते कळते. बंदरे, सिमेंट कारखाने, ऑर्डनन्स फॅक्टऱ्या, वीज केंद्रे यांच्या खासगी सायडिंगवरही, म्हणजे मुख्य मार्गापासून फुटलेल्या रुळांवरही, जुना माल पडून असतो. उपग्रह नकाशावर आधी बंद पडलेली सायडिंग हुडका. रूळ उखडले तरी त्यांची वळणदार रेघ शेतातून स्पष्ट दिसते.

आपल्याकडे सगळ्यांत जास्त आशा नॅरोगेजच्या, म्हणजे अरुंद रुळांच्या, वाटेवर आहे. बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली, अडीच फुटी. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने एक गोष्ट ठरवून टाकली होती: इंजिन असो की वाघीण, कोणत्याही अ‍ॅक्सलवर, म्हणजे चाकजोडीच्या आसावर, पाच टनांपेक्षा जास्त भार नको. म्हणजे हलके रूळ पुरतात. त्यासाठी लीड्स फोर्ज कंपनीकडून दाबून घडवलेल्या पोलादी चौकटीच्या बोगी वाघिणी करून घेतल्या. वजनाने कमी, पण माल भरपूर घेणाऱ्या. ही लाइन १९११ मध्ये लातूरला, १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली आणि १९५४ मध्ये सरकारकडे आली. पुढे टप्प्याटप्प्याने सगळी ब्रॉडगेज झाली. जुन्या मार्गालगतच्या गावांतून फिरा. विदर्भात मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारी शकुंतला रेल्वे होती, पुलगाव–आर्वी होती, नागपूरभोवतीचे नॅरोगेजचे जाळे होते. नागपूरला मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेजचे संग्रहालय आहे. शोधाला निघण्याआधी तिथे एक दिवस द्या, म्हणजे नॅरोगेजची मापे डोळ्यांत बसतात.

आणि माणसांना विचारा. निवृत्त गँगमन, पॉइंट्समन, स्टेशनासमोरचा चहावाला. "काका, इथे जुने वॅगन होते का?" असे विचारले तर उत्तर "नाही" येते. "काका, गँगवाले सामान कुठे ठेवायचे?" असे विचारा. मग हात वर होतो आणि बोट दिशा दाखवते.

परवानगीशिवाय आत जाऊ नका. रेल्वे हद्दीत विनापरवाना शिरणे हा १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. आधी मास्तरांना भेटा, लेखी अर्ज द्या. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. गंजलेली नंबरप्लेट, अ‍ॅक्सल बॉक्सचे (आसाच्या टोकावरच्या पेटीचे) झाकण, सुटलेला बोल्ट, काही म्हणजे काही उचलून घरी आणायचे नाही. रेल्वे मालमत्तेच्या बेकायदेशीर ताब्याबद्दल १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे आणि आरपीएफ (रेल्वे सुरक्षा दल) तो लावते. शिवाय प्लेट निघाली की मागे राहिलेल्या डब्याची ओळख गेली. आठवण म्हणून प्लेट नेणाऱ्यांनी कटरइतकेच नुकसान केले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ओळख कशी पटवायची

आधी गेज. चाके जागेवर असतील तर दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधले अंतर टेपने मोजा. ब्रॉडगेजला ते १६०० मिलिमीटर, मीटरगेजला ९३० येते. मग जोडणी बघा. पत्रे रिव्हेटने जोडलेले असतील तर वाघीण बहुधा जुन्या पिढीतली, सगळे वेल्डिंग असेल तर नंतरची. टोकांना दोन बफर आणि मध्ये डबे जोडणारे स्क्रू कपलिंग ही जुनी पद्धत. मध्ये एकच मोठा लोखंडी पंजा असेल तर सेंटर बफर कपलर. सीआरटी नावाच्या चारचाकी बंद वाघिणीला दोन्ही प्रकारांशी जुळेल असा कपलर असे, कारण तो मधला काळ होता. खाली जाडजूड उभा सिलिंडर दिसला तर व्हॅक्यूम ब्रेक.

आता फसवणारी जागा सांगतो. अ‍ॅक्सल बॉक्सच्या झाकणावर ओतीव अक्षरे असतात, जुन्या रेल्वेची आद्याक्षरे, कधी साल. हौशी माणूस ती वाचतो आणि वाघिणीचे वय ठरवून मोकळा होतो. पण चाके, बॉक्स, स्प्रिंगचे पाटे हे वर्कशॉपमध्ये दर पीओएचला, म्हणजे ठरावीक मुदतीच्या मोठ्या दुरुस्तीला, बदलत राहतात. जीआयपीचे (ग्रेट इंडियन पेनिन्सुला या जुन्या रेल्वेचे) झाकण स्वातंत्र्यानंतरच्या डब्यावर सहज बसलेले असते. वाघिणीबरोबर जन्मभर राहते ती चौकट. दोन्ही बाजूंच्या लांब तुळया, म्हणजे सोलबार, तिथे ठोकलेले नंबर किंवा कारखान्याची पाटी हीच खरी साक्ष. पाटी नसली तरी तिच्या चार रिव्हेटांची भोके असतात. त्यांचे अंतर मोजून ठेवा, कारखाना ठरवायला उपयोगी पडते. बर्न, जेसप, ब्रेथवेट, इंडियन स्टँडर्ड वॅगन ही बंगालकडची नावे पुन्हा पुन्हा भेटतील.

अलीकडेपर्यंत चाललेल्या वाघिणीवर अकरा आकडी नंबर असतो. पहिले दोन आकडे प्रकार, पुढचे दोन मालक रेल्वे (०१ म्हणजे मध्य, ०८ पश्चिम), पुढचे दोन बांधणीचे साल, मग चार आकडी क्रमांक आणि शेवटचा आकडा पडताळ्याचा. अर्धवट पुसलेला नंबर बरोबर वाचला का हे त्यावरून कळते. समजा ३००१९८१२३४ असे दहा आकडे वाचले. सम स्थानांवरचे ०, १, ८, २, ४ मिळून १५, त्याची तिप्पट ४५. विषम स्थानांवरचे ३, ०, ९, १, ३ मिळून १६. बेरीज ६१. सत्तरला ९ कमी, म्हणून शेवटचा आकडा ९ हवा. जुळला नाही तर तीन आणि आठ पुन्हा बघा, गंजात हेच दोन एकमेकांसारखे दिसतात.

हात लावण्याआधी नोंद

यासाठी संध्याकाळ निवडा. दिवसा सपाट उन्हात तपकिरी पत्रा नुसता तपकिरी दिसतो. अंधार पडल्यावर टॉर्च पत्र्याला जवळजवळ चिकटवून, आडवा उजेड मारा. एकावर एक चढलेल्या रंगांच्या थरांना कडा असतात आणि त्या कडांची सावली पडते. एका गोडाऊन झालेल्या डब्यावर असा उजेड टाकला तेव्हा आधी टेअरचे, म्हणजे रिकाम्या वाघिणीच्या वजनाचे, आकडे उठले, मग त्यांच्याखाली तिरपी जाणारी जुनी आद्याक्षरे, आणि दाराच्या कडेला पीओएचची तारीख आणि वर्कशॉपची खूण. दार बंद असताना जिथे पाऊस लागत नव्हता त्या चार बोटे रुंद पट्टीत खडूची रेघही शिल्लक होती. आमच्यापैकीच कुणीतरी ती वाघीण सिक लाइनला, म्हणजे दुरुस्तीच्या रुळावर, काढायची म्हणून मारलेली. अशी रेघ पाण्याच्या एका फडक्याने जाते.

म्हणून क्रम असा: चारही बाजू, छत, खालची बाजू यांचे टेप लावून फोटो. अक्षरांवर पारदर्शक प्लास्टिक लावून मार्करने मूळ मापाचा छाप. दाराच्या कड्या, बिजागऱ्या, सील लावायची जागा यांची मापे. आतल्या फळ्यांच्या फटीतली माती आणि दाणेसुद्धा कागदी पुडीत भरून, कुठून काढले ते लिहून ठेवा. शेवटी काय वाहिले ते तिथे सापडते. आणि म्हाताऱ्यांचे बोलणे रेकॉर्ड करा. पंढरपूरच्या वाटेवर आषाढीला मालडब्यांतून वारकरी कसे जात, याच्या घरोघरी ऐकलेल्या गोष्टी सांगणारे अजून आहेत.

विकत घेणे आणि हलवणे

रेल्वेचा भंगार माल आयआरईपीएस या संकेतस्थळावर ई-लिलावाने विकला जातो. एकट्याने शिरण्यापेक्षा नोंदणीकृत भंगार व्यापाऱ्याशी बोलणे सोपे. लॉटचे वर्णन शब्दन्‌शब्द वाचा: चाकांसह की चाकांविना, अखंड न्यायची की कापून. अखंड मिळणार नसेल तर पैसे गुंतवू नका. कारखान्याच्या सायडिंगवरची असेल तर व्यवस्थापनाला सांगा की ती तिथेच, त्यांच्याच फाटकाजवळ उभी करू. बहुतेकदा हाच मार्ग जमतो आणि वाहतुकीचा खर्चही वाचतो.

उचलायचीच झाली तर बाजूवर लिहिलेला टेअर पाहून क्रेन ठरवा. पट्टे चौकटीखालून घ्या, छताला किंवा दाराला कधीही नाही. नव्या जागी जमिनीवर टेकवू नका. ठोकळे द्यायचे ते जिथे स्प्रिंगच्या पाट्यांचे ब्रॅकेट आहेत तिथे, कारण घडल्यापासून तिने भार तिथेच दिला आहे. टोकांना आधार दिला तर काही वर्षांत मधे पोट सुटते आणि दारे अडकतात.

जपणूक

पहिले छत. आतून अंधार करून उभे राहा, उजेडाची टोके दिसतील तिथे खडूने खूण करा. दुसरे, पाण्याची वाट. जमिनीलगतच्या कोपऱ्यांत मातीचे ढीग बसतात आणि पत्रा नेहमी तिथूनच जातो. ब्रशने कोरून काढा, निचऱ्याची भोके मोकळी करा.

रिव्हेट तपासायची रीत: डोक्यावर एका बाजूने बोट टेकवा, दुसऱ्या बाजूने हलकी हातोडी मारा. घट्ट असेल तर खणखणीत वाजतो, ढिला असेल तर आवाज बसका येतो आणि बोटाला हालचाल कळते. दोन पत्र्यांच्या मध्ये शिरलेला गंज फुगून पत्रे वेगळे करतो. त्यावर वेल्डिंग मारले तर गंज आत कोंडतो. भेग कोरून, वाळवून, पातळ प्रायमर आत झिरपू द्या. पूर्ण पत्रा बदलायची वेळ आली तर नव्या तुकड्यावर आतल्या बाजूने साल ठोकून ठेवा, पुढच्याला जुने-नवे कळेल.

जुन्या रंगात शिसे असते. कोरडा ग्राइंडर मारायचा नाही. ओले घासा, मास्क लावा, निघालेला चोथा गोळा करा, मुलांना लांब ठेवा. सागाची फळी शक्यतो बदलू नका. वाळवीने पोखरलेला भाग तेवढा काढून जोड द्या आणि बाकीच्याला उकळलेल्या जवसाच्या तेलाचे पातळ हात द्या, प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावर पुढचा.

जुन्या बेअरिंगच्या बॉक्समध्ये तेलाचा चोथा असतो. वर्षानुवर्षे त्यात पाणी धरून जर्नल, म्हणजे आसाचे टोक, गंजते. झाकण उघडा, चोथा काढा, रॉकेलने धुऊन नवे तेल घाला. वाघीण रुळावर उभी असेल तर दर काही महिन्यांनी पाव फेरा ढकला आणि पुन्हा लाकडी पाचर मारा. दाबाखाली असलेल्या स्प्रिंगच्या पाट्यांना स्वतः हात घालू नका, ते वर्कशॉपच्या माणसाचे काम.

इतके झाल्यावर रंग. प्रायमर, वर मॅट तपकिरी. चकचकीत एनॅमल नको, वाघीण तशी कधीच नव्हती. अक्षरे छापावरून, हाताने, त्याच जागी. एका बाजूचा हातभर चौकोन मात्र रंगाविना सोडा आणि त्यावर नुसते मेण चढवा. जुने थर तिथे अभ्यासायला राहतात.

दरवर्षी मृगाआधी एक फेरी करा: छत, निचऱ्याची भोके, दारांच्या चाकांना ग्रीस, ठोकळ्यांची पातळी. पावसाळ्यातही दोन्ही दारे चार बोटे उघडी ठेवून जाळी लावा, हवा खेळली नाही तर आतून घाम सुटतो. जे केले ते तारखेसह वहीत लिहा आणि वहीची एक प्रत डब्याबाहेर, दुसऱ्या कुणाच्या घरी ठेवा.