बागकाम सेवेच्या व्यवसायात कामगारांची सुरक्षा कशी सांभाळावी

खुरपं, पाण्याची नळी, थोडीफार छाटणी. यात जिवाला कसला आलाय धोका, असं बागकामाबद्दल बहुतेकांना वाटतं. चार-पाच जणांची टोळी घेऊन रोज वेगवेगळ्या बागा सांभाळणाऱ्याला विचारून बघा. एकाच दिवसात गरगर फिरणारं पातं, विजेची तार, शिडी, विषारी औषध, ऊन आणि गांधीलमाश्या या सगळ्यांशी गाठ पडते. कारखान्यातलं यंत्र एका जागी असतं, त्याला एकदा जाळी बसवली की ती तिथेच राहते. आपली कामाची जागा मात्र रोज बदलते, आणि तीच बागसुद्धा मागच्या आठवड्यासारखी राहिलेली नसते. म्हणून आपल्या धंद्यात सुरक्षेचं निम्मं काम यंत्र सुरू होण्याआधीच उरकावं लागतं. त्याची सुरुवात होते दर सांगताना.

दर सांगण्याआधी जागा पाहा

फोनवर दर सांगून टाकला की पुढची घाई तिथेच ठरते. तीन तासांचं काम दोन तासांत धरलं की सगळ्यात आधी गॉगल, विश्रांती आणि शिडी धरणारा दुसरा माणूस यांनाच कात्री लागते. तेव्हा आधी जाऊन बाग पायी फिरून पाहा आणि एका कागदावर लिहून घ्या: उतार कुठे आहे, डोक्यावरून तारा जातात का, टाकीचं किंवा चेंबरचं झाकण कुजलंय का, मधमाश्यांचं पोळं आहे का, कुत्रं मोकळं असतं का, सावली आणि पिण्याचं पाणी कुठे मिळेल, गाडी रस्त्यावर उभी न करता सामान उतरवता येईल का. खणायचं असेल तर जमिनीखालून वीज किंवा गॅसची लाइन गेली आहे का, हे मालकाला विचारा, आणि त्याला नक्की ठाऊक नसेल तर ती सेवा पुरवणाऱ्यांकडून खात्री करून घ्या.

तारांच्या आसपास पोहोचणाऱ्या फांद्या आपण छाटायच्या नाहीत. ओल्या फांदीतून वीज उतरते, ॲल्युमिनियमच्या शिडीतून तर उतरतेच. असं काम वीजपुरवठा करणाऱ्यांना कळवून वीज बंद झाल्यावरच करून घ्यायचं. गिऱ्हाईक रुसलं तरी चालेल.

त्याच कागदावर प्रत्येक धोक्यापुढे आधी एकच प्रश्न लिहा: हा धोका मुळातच टाळता येईल का? शिडीवर चढण्याऐवजी लांब दांड्याच्या कात्रीने जमिनीवरून छाटता येईल का? तणनाशकाऐवजी पालापाचोळ्याच्या आच्छादनाने भागेल का? 50 किलोच्या पोत्याऐवजी 25 किलोची दोन मागवता येतील का? हातमोजे, गॉगल, बूट यांचा नंबर यानंतर लागतो. ती शेवटची भिंत आहे आणि ती माणसाच्या अंगावरून केव्हाही उतरू शकते.

यंत्र लावण्याआधी फेरी मारा

ही पायरी मी सगळ्यात जास्त जपतो, त्याला कारण आहे. आमच्या टोळीतला एक मुलगा कुंपणालगतचं गवत ब्रश कटरने, म्हणजे गवत कापायच्या लांब दांड्याच्या यंत्राने, काढत होता. घामाने काच धुरकटली म्हणून त्याने गॉगल क्षणभर कपाळावर सरकवला. गवतात बांधणीच्या तारेचा बोटाएवढा तुकडा पडला होता. तो उडून त्याच्या डोळ्याच्या खालच्या पापणीत घुसला. डोळा वाचला, पण किती थोडक्यात ते डॉक्टरांनी आम्हाला दोन बोटांमधली फट दाखवून सांगितलं. त्या दिवशी सकाळी त्या कुंपणालगत कुणी चालून गेलेलं नव्हतं. ही चूक त्या मुलाची नव्हती, माझी होती.

तेव्हापासून यंत्राला हात लावण्याआधी दोघेजण दाताळं आणि बादली घेऊन पूर्ण पट्टा चालतात. बादलीत दगड, खिळे, फुटक्या कुंडीच्या खापऱ्या, मुलांची खेळणी, तारा असं काहीबाही निघतंच. गवत मोवरच्या पात्याचं टोक ताशी 300 किलोमीटरच्या आसपास वेगाने फिरत असतं, त्याखाली आलेला खडा बंदुकीच्या छऱ्यासारखा सुटतो. ब्रश कटर चालू असताना 15 मीटरच्या आत दुसरं कुणीही असता कामा नये, आणि यात बघायला आलेला मालक व त्याची मुलंही आली. काम करणाऱ्याच्या मागून जाऊन खांद्यावर हात ठेवायचा नाही. समोरून, लांबून हात हलवायचा, यंत्र थांबलं की मगच जवळ जायचं.

जाळीची फेस शील्ड बारीक कण अडवत नाही, तिच्या आत गॉगल हवाच. धुरकट न होणारा गॉगल थोडा महाग पडतो. तो घ्या, कारण धुरकटणारा गॉगल शेवटी कपाळावरच जातो. ब्रश कटरला गवत कापणाऱ्या नायलॉनच्या दोरीऐवजी तार किंवा साखळी लावून चालवणारे मी पाहिलेत. तारेचा तुकडा तुटून कुणाच्या अंगात जाईल सांगता येत नाही, हे अजिबात करू देऊ नका. मोवरच्या हँडलवरची सुरक्षा पट्टी चिंधीने बांधलेली दिसली तर काम तिथेच थांबवा. हात सुटला की पातं थांबावं म्हणूनच ती पट्टी दिलेली असते. पात्यात गवत अडकलं तर इंजिन बंद करून, स्पार्क प्लगची टोपी काढून मगच हात घाला. ढकलायचा मोवर उतारावर आडवा चालवा. वरखाली चालवला आणि पाय घसरला की तो पायावरच येतो.

आवाजाकडे लोक दुर्लक्ष करतात, कारण तो दुखत नाही. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे 85 डेसिबल आवाजात दिवसाला 8 तास ही मर्यादा आहे आणि पुढच्या प्रत्येक 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे 88 ला 4 तास, 94 ला 1 तास आणि 100 ला जेमतेम 15 मिनिटं. पेट्रोलचा ब्रश कटर बहुतेक वेळा 95 च्या पुढेच असतो. तेव्हा कान झाकणारा इयरमफ प्रत्येकाला स्वतःचा द्या. यंत्राच्या थरथरीने बोटं पांढरी पडू लागली, मुंग्या येऊ लागल्या, तर तो नसा आणि रक्तवाहिन्यांच्या कायमच्या दुखण्याचा पहिला इशारा असतो. अर्ध्या-पाऊण तासाने यंत्र दुसऱ्याच्या हाती देण्याची सवय लावा.

पेट्रोल भरताना इंजिन गार होऊ द्या, कॅन गाडीतच ठेवून न भरता जमिनीवर टेकवा, आणि भरलेल्या जागेपासून 3 मीटर दूर जाऊन यंत्र सुरू करा. विजेवरच्या यंत्राला 30 मिलिअँपिअरचं आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारं बटण) संरक्षण हवं, वायर खांद्यावरून मागे सोडलेली हवी.

शिडी आणि चेनसॉ

शिडी 4 फूट उंच टेकत असेल तर तिचा पाय भिंतीपासून 1 फूट दूर, हे प्रमाण लक्षात ठेवा. खाली एक माणूस. चेनसॉ, म्हणजे साखळीची यांत्रिक करवत, शिडीवरून चालवायचा नाही, खांद्याच्या वर उचलायचा नाही. साखळी जिच्यावरून फिरते त्या पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की यंत्र उसळून थेट तोंडाकडे येतं. प्रशिक्षण न घेतलेल्याच्या हाती तो देऊच नका.

फवारणी

औषध घेताना सगळ्यात आधी लेबल मोठ्याने वाचून दाखवा, विशेषतः ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी. किती मात्रा, कोणते हातमोजे, फवारल्यावर किती वेळाने त्या जागी पाऊल ठेवायचं, हे सगळं तिथे छापलेलं असतं.

सगळ्यात मोठा धोका फवारताना असतो असं वाटतं, पण तो औषध मोजून ओततानाही तितकाच असतो. कारण तेव्हा ते पाण्याशिवाय, पूर्ण जहाल असतं. गॉगल आणि नायट्राइल रबराचे हातमोजे त्या वेळेपासूनच घालायचे. सुती किंवा चामड्याचे मोजे औषध शोषून घेतात आणि दिवसभर कातडीला लावून ठेवतात, ते नसलेले बरे. तुंबलेलं नोझल तोंडाने फुंकायचं नाही, त्यासाठी जुना मऊ ब्रश पंपालाच बांधून ठेवा. वारा सुटला तर फवारणी पुढे ढकला. झुळूक असेल तर वाऱ्याकडे पाठ करून फवारा.

पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत औषध ओतून ठेवणं याला माझ्याकडे माफी नाही. तहानलेला माणूस बाटली उचलताना वास घेत बसत नाही. रिकामा डबा तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओता, मग डब्याला भोक पाडा. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांबरोबर धुवू नयेत, हे घरीही समजावून सांगायला लावा.

ऊन

नवीन माणसाला पहिल्याच दिवशी पूर्ण दिवस उन्हात राबवू नका. नायॉशच्या सल्ल्यानुसार नव्या माणसाने पहिल्या दिवशी 20 टक्केच वेळ उष्णतेत काम करावं आणि रोज 20 टक्क्यांनी वाढवत जावं. शरीराला सरावायला तेवढे दिवस लागतात. दर 15 ते 20 मिनिटांनी पेलाभर पाणी, तहान लागली नसली तरी. एखादा असंबद्ध बोलू लागला, अडखळू लागला तर तो उष्माघात समजा. सावलीत न्या, अंगावर भरपूर पाणी ओता, वारा घाला आणि त्याच वेळी रुग्णवाहिका बोलवा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका.

माती, काटे आणि चीक

सगळ्यांची धनुर्वाताची लस झालीय का ते पाहा. तिचा वर्धक डोस दर 10 वर्षांनी लागतो. कुंडीच्या तयार मातीचं पोतं तोंड दूर ठेवून उघडा आणि माती ओलसर करून घ्या. तिच्या धुळीतल्या लेजिओनेला जातीच्या जीवाणूमुळे न्यूमोनिया होऊ शकतो. गुलाबाचा काटा टोचून आठवड्या-दोन आठवड्यांनी तिथे गाठ आली तर बुरशीचा संसर्ग असू शकतो, डॉक्टरांना 'मी माळीकाम करतो' हे आवर्जून सांगायचं. उंदीर फिरतात त्या ओल्या जागी जखम उघडी ठेवून उतरू नये. शेराच्या झाडाचा चीक डोळ्यात गेला तर 15 ते 20 मिनिटं वाहत्या पाण्याने धुऊन दवाखाना गाठा. कण्हेरीच्या फांद्या जाळू नका, तिचा धूरही विषारी असतो. गाजर गवत लांब बाह्यांचे कपडे आणि हातमोजे घालूनच उपटा.

काही घडलंच तर

गाडीत प्रथमोपचाराची पेटी आणि तिच्यात जखम दाबून धरायला मोठी, जाड ड्रेसिंग हवी. बोटाला लावायची पट्टी चेनसॉच्या जखमेला काय पुरणार? त्या दिवशीच्या बागेचा पूर्ण पत्ता आणि जवळचं रुग्णालय प्रत्येकाच्या फोनमध्ये सकाळीच टाका. घाबरलेल्या माणसाला नवख्या जागेचा पत्ता सांगता येत नाही. साप चावला तर दोरी आवळायची नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. तो भाग हलू न देता रुग्णालयात न्यायचं. मधमाशी चावून घसा आवळायला लागला, श्वास लागला तर एक मिनिटही थांबू नका.

आणि एक वही ठेवा. झालेल्या अपघातांबरोबर थोडक्यात हुकलेले प्रसंगही तिच्यात लिहा: खडा उडाला पण लागला नाही, शिडी सरकली पण माणूस सावरला. सांगणाऱ्याला ओरडू नका, नाहीतर पुढच्या वेळी कुणी सांगणारच नाही. महिन्यातून एकदा ती वही टोळीसमोर वाचा. एकाच बागेचं नाव दोन-तीनदा आलं तर तिथे पुन्हा जाऊन पाहणी करा, कामाचा वेळ नव्याने मोजा, आणि दर वाढवावा लागत असेल तर मालकाला तो का वाढतोय ते वही उघडून दाखवा.