थ्येनमा शिकायला निघालात? सप्टेंबरनंतर पाण्याला हात लावू नका

चिनी औषधी वनस्पतींचा अभ्यास करायला जाणाऱ्यांपैकी बरेच जण थ्येनमाकडे वळतात, कारण ती विचित्र आहे. पान नाही, हरितद्रव्य नाही, मूळ नाही. जमिनीत बटाट्यासारखा कंद आणि वर्षातून एकदा वर येणारा, बाणासारखा सरळ फुलदांडा, एवढंच. गॅस्ट्रोडिया इलाटा, ऑर्किडच्या कुळातली. डोकेदुखी, चक्कर, आकडी यांवर चिनी वैद्य ती वापरत आले आहेत. बुरशी आणि ऑर्किड यांचं नातं वर्गात शिकलेले असालच, त्यामुळे तिथे वेळ घालवत नाही.

वर्गात एक गोष्ट मात्र सांगत नाहीत. थ्येनमाच्या शेतात तुम्ही आधी बुरशीची शेती करता आणि मग त्या बुरशीच्या तोंडातून कंद काढून घेता. ओंडका बुरशीला पोसतो, बुरशी कंदाला. ही बुरशी म्हणजे आर्मिलेरिया, मधअळंबी. एरवी ती झाडांची मुळं कुजवणारी म्हणून बदनाम आहे. या दोघींचं नातं जपानी संशोधक कुसानो यांनी १९११ साली मांडलं. पण त्यावरून लागवड उभी राहायला १९६०चं दशक उजाडावं लागलं, जेव्हा चीनमध्ये शू जिनथांग आणि झोउ श्युआन यांनी ओंडके, बुरशी आणि कंद यांचं गणित बसवलं. २०१८ साली थ्येनमाचा जीनोम (सगळ्या जनुकांचा आराखडा) प्रसिद्ध झाला, त्यात जनुकं निघाली जेमतेम १९ हजार. प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणाच तिनं टाकून दिली आहे.

आता ओंडके. ओक किंवा चेस्टनटच्या जातीचं कठीण लाकूड, जाडी ६ ते १० सेंटिमीटर, लांबी अर्धा मीटरच्या आसपास. राळ असलेलं पाइनचं लाकूड चालत नाही. झाड पानगळीनंतर आणि नवे कोंब फुटण्याआधी तोडायचं, म्हणजे सालीत अन्न साठलेलं असतं आणि साल लाकडाला घट्ट धरून राहते. साल सुटली की ओंडका गेला. सालीवर दोन-तीन ओळींत माशाच्या खवल्यासारख्या तिरक्या खाचा घालतात. खाच सालीतून आरपार जाऊन लाकडाला जेमतेम टेकली पाहिजे. नवखे एक तर साल नुसती खरवडतात किंवा कोयता लाकडात खोल घालतात. पहिल्या चुकीत बुरशीला शिरायला वाट मिळत नाही, दुसरीत दुसऱ्याच बुरश्या आधी शिरतात.

ओंडक्यांवर बुरशी वाढायला दोन-तीन महिने लागतात, म्हणून हिवाळ्यात लागवड करायची तर हे काम उन्हाळ्यातच सुरू होतं. बुरशी कशी ओळखायची? तिचे धागे एकत्र होऊन दोरासारखे पसरतात; चांगले दोर तांबूस-तपकिरी असतात, टोकाला पांढरे, आणि हळूच ताणले तर लवतात. तुटले तरी आत पांढरा धागा दिसतो. काळे, ठिसूळ, कटकन तुटणारे आणि आतून पोकळ दोर म्हणजे म्हातारी बुरशी. हिरवे-पिवळे डाग किंवा कुबट वास असेल तर तो ओंडका बाहेर काढा, दया नको. बाटलीतलं बुरशीचं बियाणं नुसतं पांढरं आणि भरगच्च दिसतं म्हणून घेणाऱ्यांची संख्या फार आहे. बाटलीत सगळेच स्ट्रेन (बुरशीचे वाण) छान दिसतात. ओंडक्यावर दोर सोडतो तो खरा. वारंवार एकाच माध्यमावर वाढवलेला स्ट्रेन मंद पडत जातो, त्यामुळे बियाणं किती वेळा पुढे वाढवलं आहे ते विचारा. विकणारा उत्तर द्यायला कां-कूं करू लागला तर पैसे खिशात ठेवा.

लागवडीला जागा उताराची आणि वाळूमिश्रित हवी, माती किंचित आम्ल. साधारण ३० सेंटिमीटर खोल खड्डा, तळाशी वाळू आणि पालापाचोळा, त्यावर बुरशी लागलेले ओंडके थोडं अंतर ठेवून. बेणं ओंडक्याला चिकटवून ठेवायचं: खाचांजवळ आणि दोन्ही टोकांना, कारण टोकांना बुरशी सर्वांत जोरात असते. दोन बेण्यांत १२ ते १५ सेंटिमीटर. चौरस मीटरला अर्धा ते एक किलो बेणं पुरतं. वर १० ते १५ सेंटिमीटर माती-वाळू आणि पानांचं आच्छादन. बेण्यात शब्दांचा गोंधळ होतो. ज्येनमा म्हणजे फुलाचा कोंब असलेला मोठा कंद, हा औषधाला जातो किंवा बियांसाठी राखतात. बाइमा म्हणजे मधला पांढरा कंद आणि मीमा म्हणजे तांदळासारखे बारीक कंद. लावायचे ते हे शेवटचे दोन. ज्येनमा बेणं म्हणून पुरला तर तो फुलावर येतो आणि आतून पोकळ होऊन संपतो.

इथवर सगळं पाहून-करून जमतं. घात होतो तो पुढे, आणि पीक उत्तम दिसत असताना होतो.

थ्येनमाचा कंद बुरशीला आत येऊ देतो, पण ठरावीक थरापर्यंतच. बाहेरच्या पेशींत धागे गुंडाळी करून राहतात, त्याच्या आतल्या थरातल्या पेशी ते धागे चक्क पचवतात. म्हणजे बुरशी कंदाला खायला येते आणि कंदच तिला खातो. हा तह कंद जागा असेपर्यंतच टिकतो. आता तापमान बघा. दोघींनाही २० ते २५ अंश मानवतात आणि ३० च्या वर दोघीही थांबतात. फरक खालच्या बाजूला आहे. जमीन १४-१५ अंशांच्या खाली गेली की कंदाची वाढ मंदावते आणि १० च्या आसपास तो झोपतो. बुरशी मात्र ६ ते ८ अंशांपर्यंत काम करत राहते. म्हणजे हिवाळा लागण्याआधी काही आठवडे असे येतात, जेव्हा खाणारी जागी असते आणि पचवणारी झोपलेली.

त्या आठवड्यांत खड्ड्यात ओल असेल तर बुरशी थेट कंदात घुसते. बाहेरून कंद शाबूत दिसतो. उकरून हातात घेतला की कातडं तेवढं आणि आत काळपट पाणी. जुन्या बेण्याचा कंद असा रिकामा होणं स्वाभाविक आहे, तो होतोच. पण नवे, वजनदार, विकायचे कंद जातात तेव्हा दोन वर्षांचं काम एका महिन्यात जातं.

पश्चिम चीनमध्ये, जिथे थ्येनमाची मुख्य लागवड आहे (युन्नानमधलं झाओतोंग, ग्वेइझोउमधलं दाफांग, दक्षिण शाआन्शीतलं हानझोंग), सप्टेंबर-ऑक्टोबरात रिमझिम पाऊस दिवसेंदिवस चालतो. आपल्याकडच्या परतीच्या पावसासारखा गडगडाट करून मोकळा होत नाही. नेमकी हीच वेळ. आणि नवखा काय करतो? उन्हाळ्यात दर चार दिवसांनी ओल तपासून पाणी घालण्याची सवय लागलेली असते, वरचं आच्छादन कोरडं दिसलं की झारी उचलतो. पिकाची काळजी घेतल्याचं समाधानही मिळतं.

हे पुन्हा सांगतो, कारण एकदा वाचून कुणाच्या लक्षात राहत नाही. उन्हाळ्यात मूठ वळली की गोळा टिकला पाहिजे, पण बोटांतून पाणी येता कामा नये. सप्टेंबरपासून तोच गोळा बोट लावताच फुटला पाहिजे. वरची माती बघून ठरवू नका, १० सेंटिमीटर खालची बघा. त्याच खोलीवर थर्मामीटर खुपसून ठेवा आणि रोज सकाळी नोंद करा. जमीन १५ च्या खाली उतरायला लागली की पाणी बंद. पूर्ण बंद, ‘थोडंसं’ही नाही. खड्ड्यांच्या वरच्या अंगाला चर खणा, उतारावरून येणारं पाणी बाजूला काढा. पावसासाठी प्लॅस्टिक घालायचं तर छपरासारखं उंच ताणा. जमिनीला चिकटवून अंथरलं तर खालची वाफ अडकते आणि तुम्ही टाळायला निघालात तेच घडतं. तापमान १० च्या जवळ आलं की काढणी. ‘अजून पंधरा दिवस ठेवू, वजन वाढेल’ असं म्हणणारा शेजारी प्रत्येक गावात असतो. झोपलेल्या कंदाचं वजन वाढत नाही.

घाबरून सगळा खड्डा मात्र उकरत बसू नका. एका कोपऱ्यात हात घालून दोन कंद चाचपा. टणक असतील तर बाकीचेही बहुधा ठीक आहेत. एका वर्षी थोडं नुकसान प्रत्येकाचं होतं, त्यानं हा विषय तुम्हाला जमत नाही असं ठरत नाही.

वसंतातही अशीच एक फट असते, बुरशी आधी जागी होते. पण तेव्हा बेणं ताजं असतं आणि ओल बेताची असली की निभावतं.

बेण्याला थंडी लागते हेही लक्षात ठेवा. काढलेलं बेणं ओलसर वाळूत ३ ते ५ अंशांवर सुमारे दोन महिने राहिलं नाही तर झोप मोडत नाही आणि कोंब फुटत नाहीत. शिवाय बेण्यावरून बेणं असं तीन-चार पिढ्या चाललं की कंद लहान होत जातात. मग बियांकडे परत जावं लागतं, आणि हा भाग शिकण्याजोगा आहे. ज्येनमाचा फुलदांडा वर आला की शेंड्याकडच्या काही कळ्या खुडतात, म्हणजे खालची बोंडं भरतात. फूल उमललं की सकाळीच सुईनं परागकोशाची टोपी काढून परागपिंड कुक्षीवर ठेवायचा. सुमारे वीस दिवसांनी बोंडाच्या शिवणी उठून दिसायला लागतात. उकलायच्या आधी तोडा, उकललं की बी धुळीसारखं उडून जातं. एका बोंडात हजारो बिया असतात आणि एकीतही अन्नसाठा नसतो. या बिया आर्मिलेरियावर रुजत नाहीत. त्यांना आधी मायसीना ही वेगळी बुरशी हवी. म्हणून ओकच्या पानांवर मायसीना वाढवतात, ती पानं फाडून त्यांवर बी भुरभुरतात आणि मग ती आर्मिलेरियाच्या ओंडक्यांवर पसरतात. रुजवणारी एक, पोसणारी दुसरी. बी साठवून ठेवायच्या भानगडीत पडू नका, साध्या हवेत त्याचा जीव काही दिवसांत जातो.

काढणीनंतर कंद वजनावर वेगळे करून वाफवतात. १५० ग्रॅमच्या वरचे २० ते ३० मिनिटं, १०० च्या खालचे १० ते १५. उजेडासमोर धरल्यावर मध्ये पांढरा गाभा दिसायला नको. वाफेमुळे आतली विकरं थांबतात आणि गॅस्ट्रोडिन, म्हणजे कंदातलं मुख्य औषधी द्रव्य, टिकतं. चिनी फार्माकोपियाच्या (औषधांच्या अधिकृत मानकग्रंथाच्या) २०२० च्या आवृत्तीत गॅस्ट्रोडिन आणि पी-हायड्रॉक्सिबेंझिल अल्कोहोल मिळून किमान ०.२५ टक्के असण्याची अट होती. वाळवणं ५०-६० अंशांवर सुरू करायचं, घाईनं आच वाढवली तर कंद फुगून पोकळ होतो. गंधकाची धुरी देऊन कंद पांढराशुभ्र करणं हा जुना आणि फसवा शॉर्टकट. सल्फर डायऑक्साइडची मर्यादा त्याच २०२० च्या आवृत्तीत थ्येनमाला किलोमागे ४०० मिलिग्रॅम होती. इतर बहुतेक औषधांपेक्षा ती सैल होती, ही मेख लक्षात घ्या. वू-थ्येनमा, म्हणजे काळसर दांड्याची उंचावरची जात, ४-५ किलो ओल्यातून एक किलो सुकी देते. तांबड्या दांड्याच्या जातीला ५-६ किलो लागतात, पण तिची वाढ वेगानं होते.

मार्गदर्शक निवडताना एकच पारख पुरे: खड्ड्याशी बसून स्वतः माती उकरतो का? नावावर प्रबंधांची रांग असलेला आणि सप्टेंबरात परिषदांना जाणारा मार्गदर्शक या पिकासाठी निरुपयोगी, असं माझं ठाम मत आहे. गावातल्या शेतकऱ्याची बोली समजायला पुस्तकी चिनीचा फारसा उपयोग होत नाही. ओल, कोंब, दोर, पोकळ, कूज एवढे शब्द तिथल्या उच्चारात आधी शिका, बाकीचं व्याकरण सावकाश होईल.

महाबळेश्वर किंवा आंबोलीत लावता येईल का, हा प्रश्न प्रत्येक मराठी विद्यार्थी विचारतो. जमीन उन्हाळ्यात थंड राहिली तरी बेण्याची झोप मोडणारी थंडी नैसर्गिकरीत्या मिळणार नाही, शीतपेटी लागेल. त्याहून मोठा प्रश्न बुरशीचा आहे: मुळं कुजवणारी परदेशी आर्मिलेरिया बागांच्या परिसरात आणणं हा खेळ नाही. सगळ्या ऑर्किडप्रमाणे थ्येनमाही साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टात आहे, बेणं सामानात घालून आणता येत नाही. सराव करायचाच असेल तर पश्चिम घाटातलं एपिपोजियम रोझियम बघा. तेही पानांशिवाय, बुरशीवर जगणारं ऑर्किड; उपटू नका, बघा, फोटो काढा, आसपासची माती आणि पाचोळा नोंदवा.

नोव्हेंबर २०२३ पासून चीनमध्ये थ्येनमा खाद्यपदार्थ म्हणूनही वापरायला परवानगी आहे, त्यामुळे बाजारात सुक्या कापांचा सुळसुळाट आहे आणि भेसळीचाही. अख्खा कंद घ्यायला शिका: एका टोकाला पोपटाच्या चोचीसारखा तांबूस कोंब, दुसऱ्या टोकाला बेंबीसारखी गोल खूण, अंगावर ठिपक्यांची वलयं. बटाटा, डेलिया आणि आपल्या अंगणातल्या गुलबक्षीचं मूळसुद्धा थ्येनमा म्हणून खपवलं गेलं आहे. शंका आली तर एक ग्रॅम भुकटी १० मिलिलिटर पाण्यात चार तास भिजवा, गाळा, आयोडीनचे दोन-चार थेंब टाका. जांभळट लाल ते मद्यासारखा लाल रंग आला तर पुढच्या तपासणीला पाठवा. निळा आला तर तो बटाटा असण्याची शक्यता जास्त.