शीर जाळायची, नस नाही

मिरजेत ओटी (ऑपरेशन थिएटर) टेक्निशियन म्हणून लागलो तेव्हा पहिला गोंधळ शब्दाचाच झाला. पेशंट ‘नस फुगलीय’ म्हणतो तेव्हा ती शीर असते, ‘नस दबलीय’ म्हणतो तेव्हा मज्जातंतू. व्हेरिकोज व्हेन्सच्या, म्हणजे पायातल्या फुगलेल्या शिरांच्या लेसरमध्ये या दोन्ही ‘नसा’ शेजारीशेजारी. एक जाळायची, दुसरीला धगही लागू द्यायची नाही.

पोटरीमागच्या लहान शिरेला सुरल नर्व्ह (नर्व्ह म्हणजे मज्जातंतू, ही पावलाच्या बाहेरच्या कडेची) जवळजवळ चिकटून जाते. गुडघ्याखाली आतल्या अंगाला मोठ्या शिरेसोबत सॅफेनस नर्व्ह असते. सोनोग्राफीवर शीर लगेच ओळखू येते, नर्व्ह नवख्याला दिसतसुद्धा नाही.

नर्व्हला वाचवतं ते पाणी. सलाइनमध्ये लिग्नोकेन (बधिर करणारं औषध), अ‍ॅड्रेनालिन, सोडाबायकार्ब मिसळून ते शिरेभोवती भरतात. आमच्याकडे थंड करून. त्याने दुखत नाही, शीर फायबरवर (लेसर शिरेत नेणाऱ्या बारीक तारेवर) आवळते, नर्व्ह आणि कातडी लांब सरकते आणि उष्णता पाणी पिऊन घेतं. हे भरणं कंटाळवाणं असतं, म्हणून घाई इथेच होते.

माझ्या पहिल्या वर्षात तासगावकडच्या एक मावशी आल्या होत्या, द्राक्षबागेत दिवसभर उभं राहणाऱ्या. लहान शिरेचं काम. ऑपरेशनची लिस्ट लांबलेली, बाटलीत सलाइन बरंच उरलेलं, म्हणजे शिरेभोवती कमी भरलेलं. मला दिसलं, पण नवा म्हणून गप्प बसलो. पुढच्या खेपेला मावशी म्हणाल्या, “बाळा, पायाची करंगळी माझी हाय असं वाटतच न्हाई.” तीन महिन्यांनी बधिरपणा ओसरला. कारण तेच होतं का, कोण सांगणार. पण आता बाटली उरली की मी मोठ्याने सांगतो. ऑपरेशन करणारे सर चिडले तर चिडोत.

डोळे वाचवणाऱ्या गॉगलचंही तसंच, बघून बोलायचं. कार्बन डायऑक्साइड लेसर 1964 मध्ये बनवणारे कुमार पटेल बारामतीत जन्मलेले, म्हणजे आपल्या शेजारचेच. त्या लेसरचे 10,600 नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण पेशींतल्या पाण्यात मिलिमीटरच्या अंशातच थांबतात. 1064 चा एनडी-याग लेसर काही मिलिमीटर आत शिरतो. आमचा डायोड लेसर 1470 चा. एकाचा गॉगल दुसऱ्याला चालेलच असं नाही, काचेवर छापलेला आकडा मशीनशी जुळवून बघा. लाल ठिपका दिसतो तो फक्त नेम धरायला. जाळणारा किरण दिसतच नाही. फायबर शिरेबाहेर असेल तोवर मशीन स्टँडबायवर, आणि पायाचं पेडल एकाच माणसाकडे.

ऑपरेशनआधी कापसाच्या बोळ्याने पावलाची बाहेरची कड आणि घोट्याची आतली बाजू तपासून घ्यायला सरांना आठवण करतो. स्पर्श कळतो की नाही ते केसपेपरवर लिहिलेलं असलं, की नंतर करंगळी बधिर झाली तर आधीपासून होती का, यावर वाद होत नाही.